विरजणाची वाटी

काका स्वतः बिअर पीत नसत. हे आधी सांगितलेलं बरं, कारण घरी बिअर करणारा म्हातारा म्हटलं की लोक वेगळंच काही डोळ्यांपुढे आणतात. काका एक घोट तोंडात घेत, चूळ भरल्यासारखा गालांतून फिरवत, डोळे मिटत आणि गॅरेजच्या दाराशी ठेवलेल्या बादलीत थुंकून टाकत. मग माझ्या नवऱ्याकडे वळून विचारत, "कशी आहे?" ते खरंच विचारत असत. बिअर चांगली की वाईट हे त्यांना मुळीच कळत नव्हतं. ती सुरक्षित आहे एवढं त्यांना कळायचं, आणि त्याबद्दल ते कोणाला विचारत नसत.

कॉव्हेंट्रीतल्या हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी लोकांना भूल देण्यात काढली. आमची ओळख झाली तेव्हा ते रिटायर होऊन एकटेच राहत होते. काकू गेल्या होत्या, मुलगा कार्डिफला होता. घर आमच्या मागच्याच रस्त्यावर. गाडी विकून टाकली होती, कारण एका गॅरेजमध्ये गाडी आणि नाचणी दोन्ही नांदत नाहीत असं त्यांचं म्हणणं. गाडी बाहेर रस्त्यावर उभी करता आली असती, असं मी एकदा म्हटलं. "बाहेर ठेवली की परमिट, परमिट म्हटलं की कौन्सिल, आणि कौन्सिलमध्ये बसलीस तू," ते म्हणाले. मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पगार विभागात आहे. पार्किंगशी माझा काडीचा संबंध नाही. पण मला चिडवायची त्यांची ती ठरलेली रीत होती.

ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. शाळेचा भाड्याचा हॉल, जेवणाची रांग, आणि माझ्या नवऱ्याला नुकतंच सीलिअ‍ॅक निघालेलं. म्हणजे गहू आणि जव आयुष्यभर बंद; थोडा नाही, कणभरही नाही. वाढणाऱ्या बायकांना तो हळूच विचारत होता, पापड पुऱ्यांच्याच तेलात तळलेत का. पुढे उभ्या असलेल्या एका उंच म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि आमटीच्या पातेल्यावर सरळ हात आडवा धरला.

"आमटीत हिंग कोणता?"

"अहो, हिंग हिंगासारखा हिंग," वाढणारी बाई म्हणाली.

"डबी आणलीये?"

डबी कोण आणेल? रांग थांबली, मागून कोणीतरी "काका, पुढे चला" म्हणालं. ते हलले नाहीत. माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही आमटी घेऊ नका. भात, दही, काकडी घ्या. आणि घरी गेल्यावर हिंगाची डबी मागून वाचा." घरी येऊन मी वाचली. मागे बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं, आणि यादीत ते हिंगाच्याही आधी होतं. माझा नवरा पोळी सोडून बसला होता आणि मी त्याला रोज फोडणीतून गहू घालत होते. त्या दिवसापासून आमच्या घरी काकांचा शब्द प्रमाण झाला. "पुढे जाहिरात असते, मागे माहिती असते," हे त्यांचं वाक्य मी ऑफिसातसुद्धा वापरते.

एवढं त्यांना ठाऊक होतं ते काकूंमुळे. काकूंचं दुखणं पित्त म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढलं गेलं होतं. "दिवसभर दुसऱ्यांचे श्वास मोजायचो," काका एकदा म्हणाले. "घरी आलो की मोजणं बंद." शेवटी एका तरुण जीपीने, फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं आणि नाव सापडलं: सीलिअ‍ॅक. काकूंना रविवारी दुपारी पबमध्ये अर्धा ग्लास बिअर घ्यायची सवय होती. या देशात आल्यावर लागलेली तेवढी एकच चैन. बिअर जवाची, म्हणून तीही बंद झाली. त्याबद्दल काकूंनी एक शब्दही काढला नाही, आणि म्हणूनच काकांनी मनावर घेतलं. दुकानात तेव्हा मिळायची ती बिनग्लूटेनची, म्हणजे गव्हा-जवातलं ते बाधणारं प्रथिन नसलेली, बिअर काकूंनी एक घोट घेऊन बाजूला सारली. मग काकांनी पुस्तकं आणली, दोन काचेच्या बरण्या आणल्या आणि गाडी विकली.

त्यांची बिअर नाचणीची. थोडी वरईही पडायची, म्हणून एकादशीला चालते असं ते म्हणत. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मोडाच्या शेपट्या चोळून काढायच्या, हलकी भाजायची, भरडायची आणि गरम पाण्यात तास-दीड तास मुरवायची. "लहान बाळाला नाचणीचं सत्त्व करतात ना, तेच हे," ते सांगत. "फक्त आपलं बाळ मिशीवालं आहे." मग माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप. गाळलेलं पाणी हॉप्सच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचं, निववायचं, बरणीत भरायचं. काही दिवस ती बरणी गॅरेजच्या कोपऱ्यात बुडबुड करत बसे, आणि काका तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत. ऑपरेशन टेबलावर पेशंटच्या डोक्याशी बसत असतील तसेच, हात मांडीवर, नजर बुडबुड्यांवर. "झोपवणं कोणालाही येतं, परत उठवता आलं पाहिजे," हे ते आधी पेशंटबद्दल म्हणत असणार. आता बिअर आंबवणाऱ्या यीस्टबद्दल म्हणत.

गॅरेजमध्ये सोवळं होतं. हा त्यांचाच शब्द. लहानपणी आईच्या सोवळ्याची त्यांनी भरपूर टिंगल केली होती, ओवळ्या हाताने तिला मुद्दाम शिवून शिव्या खाल्ल्या होत्या, आणि म्हातारपणी स्वतःच ते पाळायला बसले होते. सकाळपासून पाव खाल्लेल्या माणसाला आत प्रवेश नाही. बाहेरच्या कपड्यांनी प्रवेश नाही. दाराशी धुतलेले एप्रन टांगलेले असत. पलिता, गाळणं, फडकी वेगळी, त्यांचं धुणंही वेगळं. माझा नवरा म्हणायचा, "काका, तुमच्या आईंना दाखवायला हवं होतं. शेवटी सोवळ्यात आलात, तेही बिअरसाठी." त्यावर ते आईचंच एक वाक्य सुनवत: सोवळं दुसरा कोणी मोडत नाही, ते आपल्याच हातून मोडतं.

त्यांचं शेजाऱ्याशी चालायचं ते वाटीचं प्रकरणही इथेच सांगते. कुंपणापलीकडे केन राहायचा. गाड्यांच्या कारखान्यातला जुना टूलमेकर, काकांच्याच वयाचा, बायको गेलेली, तासन्‌तास आपल्या शेडमध्ये. काकांना पहिली बरणी वापरायला त्यानेच शिकवलं होतं. नव्या शेजारणीच्या नात्याने काकूंनी त्याला एकदा स्टीलच्या वाटीतून बेसनाचे लाडू पाठवले होते. वाटी काकूंच्या रुखवतातली, कडेला त्यांचं माहेरचं नाव कोरलेलं. केनने ती धुऊन परत आणली तेव्हा काकूंनी हसत त्याला सांगितलं, आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. तो ओशाळून परत गेला आणि वाटीत बागेतल्या रुबार्बच्या आंबट लाल देठांचे तुकडे घालून आला. तेव्हापासून ती वाटी कुंपणावरून ये-जा करत होती. काकू गेल्यावरही. लिंबाचं लोणचं तिकडे, अंडी इकडे. वाटी सध्या कुठल्या बाजूला आहे हे काकांना कधीही विचारा, चटकन सांगत.

पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या रक्तातला आकडा छान उतरला. सीलिअ‍ॅकच्या माणसाचं रक्त ठरावीक काळाने तपासतात. पोट किती चिडलेलं आहे ते त्या आकड्यावरून कळतं. उतरता उतरता तो एका जागी थांबला. आणि मग चढायला लागला.

पहिल्यांदा चढला तेव्हा आम्ही लॅबला दोष दिला. दुसऱ्यांदा चढला तेव्हा मी स्वयंपाकघर रिकामं केलं. जुना पोळपाट, लाटणं, लाकडी चमचे बाहेर. टोस्टर आधीच दोन होते, मी गव्हाचा टोस्टरही देऊन टाकला. सोया सॉस, मसाले, त्याच्या औषधाच्या गोळ्या, सगळं मागून वाचलं. मुलीला घरात बिस्किटं आणायची बंदी केली. ती इथे जन्मलेली; आपल्या मराठीत ती म्हणाली, "आई, बाबाचं पोट दुखतो तर मी कशाला जेलमध्ये?" पण तिनेही ऐकलं. तरी आकडा चढताच. हाडांचा स्कॅन झाला. कंबरेचं हाड वयाच्या मानाने फारच विरळ निघालं. तो बागेतल्या पायरीवरून साधा घसरला आणि मनगट मोडलं. कन्सल्टंट बाईंनी पुढचं सांगितलं. कॅमेरा घालून आतड्याचा तुकडा काढून बघू. खाण्यातून खरंच काही जात नसेल, तर मग हा आजार पथ्याला दाद न देणाऱ्या जातीचा असेल, आणि त्याची औषधं वेगळी आणि जड असतात. "खाण्यातून खरंच काही जात नाहीये ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "उरलं काय?"

त्याला कळलं मी काय म्हणतेय ते. "त्या गॅरेजएवढी स्वच्छ जागा आपल्या घरात नाही," तो म्हणाला.

"मान्य. पण आकडा चढायला लागला तो तू दर आठवड्याला तिथली बिअर घ्यायला लागलास त्यानंतर."

"त्यानंतर मी चष्माही बदललाय."

"चष्मा खात नाहीस तू."

त्याने बाजूची काच खाली केली. मग म्हणाला, "मी नाही म्हटलं तर त्यांच्याकडे चव बघायला कोण आहे? ते बरणीसमोर बसतात कशासाठी? मला ते विचारू नकोस, आणि त्यांना तर मुळीच विचारू नकोस."

मी त्यांना विचारलं नाही. मी फक्त म्हटलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत बिअर कशी होते ते मला एकदा बघायचंय. काका मूर्ख नव्हते. क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. "त्याचा आकडा किती आलाय?" त्यांनी विचारलं. मी सांगितला. "शनिवारी ये," ते म्हणाले. "पोहे खाऊन ये. पाव नको." मग जाताना, पाठमोरे, "माझ्याकडे काही सापडणार नाही तुला." आवाज कडक होता. नवऱ्याचं खरं ठरावं असं मला त्या शनिवारपर्यंत मनापासून वाटत होतं. आणि खोटं ठरावं असंही वाटत होतं. कारण इथे काही सापडलं नाही तर पुढे ती जड औषधं होती.

शनिवारी मी पोहे खाऊन, धुतलेले कपडे घालून गेले. एप्रन बांधला, कोपरापर्यंत हात धुतले. एरवी एका बरणीमागे दहा गोष्टी सांगणारा माणूस त्या दिवशी फक्त वस्तू दाखवत होता, कोर्टात पुरावे मांडावेत तशा. नाचणीची पिशवी: मागून वाच. वाचली, ठीक. वरई: ठीक. हॉप्स, साखर: ठीक. जातं फक्त नाचणीचं, त्यावर दुसरं काही कधी दळलेलं नाही. गाळणं, पातेलं, नळी, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. उकळ्या आल्या, फुलं पडली, पातेलं गार पाण्याच्या टबात बसलं. काकांनी थर्मामीटर बघितला. बरणी भरली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मी मनाशी म्हटलं, झालं, आता कॅमेरा.

"बैस," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा आवाज जरा सैल आला होता. "विरजण घेऊन येतो."

ते बाजूच्या दाराने बाहेर गेले. मी बरणीकडे बघत बसले. कुंपणापाशी बोलणं ऐकू आलं, कोणीतरी हसलं. काका परत आले तेव्हा त्यांच्या हातात काकूंची वाटी होती, वर बशी झाकलेली. बशी काढली. आत दाट, पिवळसर, साईसारखं काहीतरी होतं, कडेला बारीक फेस.

"हे काय आहे?"

"यीस्ट. बिअर खाली बसते तेव्हा तळाशी राहतं ते. विरजण म्हण ना."

"कुठून आणलंत?"

"केनकडून. नेहमीचंच, तुझी काकू होती तेव्हापासून. वाटीतून रुबार्ब देता देता एकदा हे देऊन बसला, म्हणाला, विकतच्या पुड्या कशाला घेता? ह्याच्यासारखं जोरकस विरजण..."

"केन कशाची बिअर करतो, काका?"

"केन?" ते हसले. "केन आपला जुन्या वळणाचा. पक्का जवाचा..."

तिथे ते थांबले.

वाटी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही, हलवलीही नाही. 

"विरजण आहे गं ते," ते अगदी हळू म्हणाले. "विरजण कोणी जिन्नस म्हणून धरतं का?"

आमच्या घरीही दह्यात काय आहे विचारलं तर आम्ही दूध म्हणू. आपल्यात विरजण शेजारून आणतात, आणि ते कोणत्या दुधाचं होतं हे कोणी विचारत नाही. काकांनी पिशव्या मागून वाचल्या होत्या, जातं वेगळं ठेवलं होतं, मला पोहे खाऊन यायला लावलं होतं. वाटीला मागे लेबल नव्हतं.

"तू हिशेब करतेस," ते म्हणाले. "कर."

"काका, आत्ता नको."

"आत्ताच."

मोजपात्र त्यांनीच पुढे केलं. वाटी दीडशे मिलीलिटरची, बरणी साडेचार लिटरची. "तिसावा हिस्सा," मी म्हणाले. "केनच्या गाळात ग्लूटेन किती असेल ते मला माहीत नाही. दहा लाखात सहाशे भाग असेल, तर तुमच्या बरणीत वीस होतं. त्याहून जास्त असेल तर जास्त."

"आणि वीसच्या वर चालत नाही."

"वीसच्या वर त्याला बिनग्लूटेनचं म्हणता येत नाही. त्याचा आकडा का चढला ते कळलं, काका. कॅमेऱ्याआधी कळलं, हे बरंच झालं."

"मी त्याचं विचारत नाहीये," ते म्हणाले.

मला समजायला थोडा वेळ लागला. ते वाटीच्या कडेवरच्या नावाकडे बघत होते.

"तिचा आकडा कधी खाली आलाच नाही. निम्म्यावर यायचा, परत चढायचा. आम्ही सगळं तपासलं. टूथपेस्टसुद्धा बदलली. शेवटपर्यंत ती म्हणायची, माझंच पोट हट्टी आहे." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "ती अर्धाच ग्लास घ्यायची. रविवारी. अर्ध्यात किती?"

काकू गेल्या त्या हृदयविकाराने. याचा त्याच्याशी काही संबंध होता असं कोणी म्हटलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. अर्ध्या ग्लासाने काय होतंय, असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी मला विचारलं होतं, कारण मी आकडा बदलत नाही.

"अर्ध्यात अर्धं," मी म्हणाले.

"बरोबर," ते म्हणाले. "अर्ध्यात अर्धं."

मग त्यांनी एप्रन सोडला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि मला घरी जायला सांगितलं.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं गेलो तर दार उघडेना. फोन उचलला जाईना. तिसऱ्या दिवशीही नाही. पडदे ओढलेले, दुधाची बाटली दाराशी तशीच. कार्डिफला मुलाला कळवावं का, यावर आमचं घरात भांडण झालं. नवरा म्हणाला, "तू त्यांना तो शेवटचा हिशेब करून द्यायला नको होता." मी म्हणाले, "मग त्यांनी तो आयुष्यभर स्वतः करत बसायचं का?" आम्ही फोन हातात घेऊन बसलो असताना दार वाजलं. काका उभे होते, दाढी केलेली, हातात यीस्टची विकतची पुडी.

"मागून वाच," त्यांनी मला सांगितलं. मी वाचली. बिनग्लूटेनची, तसं स्पष्ट छापलेलं. "कंपनीला फोन करूनही विचारलंय. कशावर वाढवता तेही विचारलं. ती पोरगी वैतागली."

कन्सल्टंट बाईंनी कॅमेरा पुढे ढकलला. आधी बिअर बंद करून रक्त पुन्हा तपासू म्हणाल्या. ते महिने फार वाईट गेले. माझा नवरा जिना चढताना हाताने कठडा धरायचा आणि मी ते बघितलं नाही असं दाखवायचे. काका रोज संध्याकाळी येत, जाताना विचारत, "तारीख कधीची आहे?" तारीख त्यांना पाठ होती. शेवटी निकाल आला. आकडा उतरला होता. पुढच्या खेपेला आणखी उतरला. ती जड औषधं लागली नाहीत.

नव्या पुडीची पहिली बाटली काकांनी आमच्या टेबलावर फोडली. माझ्या नवऱ्याने ग्लास पुढे केला. त्यांनी आधी स्वतःला ओतली, अर्धा ग्लास, आणि प्यायले. बादली नव्हती, थुंकले नाहीत.

"काका, तुम्हाला काय होणार आहे? तुम्हाला कुठे सीलिअ‍ॅक आहे?"

"तिला कशी लागत असेल ते बघतोय," ते म्हणाले. ग्लास रिकामा करून ठेवला. "बरी आहे."

मला वाटलं होतं केनशी आता त्यांचं येणंजाणं थांबलं असेल. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे गेले तर काका कुंपणापाशी उभे राहून केनकडून झाकलेली वाटी घेत होते, आणि त्याला सांगत होते, मागचं फार छान उठलं. केन खूश होऊन शेडकडे गेला. काका वाटी घेऊन गॅरेजला वळसा घालून मागे आले आणि ते सगळं विरजण आपल्या बागेतल्या रुबार्बच्या मुळाशी ओतून टाकलं. मी उभी होते ते त्यांनी बघितलं.

"त्याला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?" ते म्हणाले. "वाटी तो उकळत्या पाण्याने धुऊन ठेवतो. सोवळं मोडू नये म्हणून. मीच शिकवलंय त्याला." मग वाटी नळाखाली धरली. "नको म्हटलं तर तो कारण विचारेल. तो मला न विचारता राहणारा माणूस नाही."

त्या वर्षी त्यांचा रुबार्ब कमरेएवढा वाढला. केन कुंपणावरून बघून म्हणायचा, तुमच्या मातीत काहीतरी आहे.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेत गेले. कार्डिफहून मुलगा आला, घर आवरलं, बरण्या आणि जातं माझ्या नवऱ्याला देऊन गेला. आता आमचं गॅरेज सोवळ्यात आहे आणि माझी गाडी रस्त्यावर, परमिट लावून. नवरा बरणीसमोर खुर्ची टाकून बसतो. विरजण पुडीचं, मागून वाचलेलं.

मागच्या आठवड्यात दार वाजलं. केन होता. चालत आला होता, चढामुळे धापा टाकत. हातात काकूंची वाटी, वर बशी. काका गेले तेव्हा ती त्याच्या बाजूला होती. माझा नवरा आता बिअर करतो असं त्याला काकांच्या मुलाकडून कळलं होतं.

"ते नेहमी म्हणायचे, नेव्हर एम्प्टी," केन म्हणाला आणि वाटी माझ्यापुढे धरली. "आत्ताच काढलंय. ताजं आहे. धुतलीये उकळत्या पाण्याने."

मी आभार मानले. तो चहाला थांबला नाही. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारातच उभी राहिले. आतून नवऱ्याने विचारलं, कोण होतं? केन, मी म्हणाले, आणि मागच्या दाराने बागेत गेले. आमच्याकडे रुबार्ब नाही. गुलाबाच्या मुळाशी ओतलं, वरून पाणी घातलं, वाटी उकळत्या पाण्याने धुतली आणि पुसली. कडेवरचं नाव झिजलंय, पण वाचता येतं.

मग बेसन भाजायला घेतलं.